वऱ्हाडातील कायचिकित्सक : पदवी, नोंदणी आणि संलग्नता
(शेंदूरजनाघाटच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

प्रस्तावना

दवाखान्याच्या दारावरील पाटी हा इतिहासाच्या अभ्यासकांनी सहसा न वाचलेला दस्तऐवज आहे. तिच्यावर प्रथम डॉक्टरचे नाव असते, नावापुढे पदवीची अक्षरे असतात आणि त्याखाली, बहुधा लहान टाइपात, ती व्यक्ती कोणत्या रुग्णालयाशी अथवा महाविद्यालयाशी निगडित आहे किंवा होती याचा उल्लेख असतो. 'माजी वैद्यकीय अधिकारी', 'मानद भिषक', 'माजी व्याख्याता' ही विशेषणे रुग्णाला विश्वास देण्यासाठी लिहिली जातात. अभ्यासकाला मात्र त्यांतून शिक्षण कोठे मिळाले, त्याला मान्यता कोणी दिली आणि ते ज्ञान कोणत्या संस्थेच्या आधाराने रुग्णापर्यंत पोहोचले, हे कळू शकते. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील कायचिकित्सकाची, म्हणजे बोलीभाषेतील फिजिशियनची, व्यावसायिक जडणघडण या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

या विवेचनासाठी शेंदूरजनाघाट हे गाव निवडण्यास कारण आहे. अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यातील हे नगर परिषदेचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसले आहे. अमरावती आणि नागपूर ही दोन्ही शहरे येथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत. त्यामुळे छातीत कळ आलेल्या रुग्णाला कोणत्या दिशेने न्यावे, हा प्रश्न येथील कुटुंबाला प्रत्यक्षात पडतो. गावाची ख्याती संत्र्याच्या रोपवाटिकांची. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेली येथील कलमे दूरदूरच्या बागांत जातात. कलमे येथून बाहेर जातात, कायचिकित्सक मात्र बाहेरून यावा लागतो. असे का घडले याचे उत्तर गावात नाही, ते वैद्यकीय शिक्षणाच्या आणि नोंदणीच्या इतिहासात आहे.

'कायचिकित्सा' हा शब्द आयुर्वेदाच्या अष्टांगांपैकी एका अंगाचे नाव आहे. आधुनिक अंतर्गत वैद्यकासाठी मराठीने तोच स्वीकारला. सरकारी रुग्णालयांच्या पदनामावलीत 'भिषक' हा आणखी जुना शब्द रूढ झाला. परिणामी आयुर्वेदातील कायचिकित्सेचा एम.डी. आणि आधुनिक वैद्यकाचा एम.डी. हे दोघेही मराठी पाटीवर एकाच शब्दाने वावरू शकतात. ही केवळ भाषिक गंमत नाही, हे पुढे दिसून येईल.

अमानत मुलुखातील वैद्यक

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि हा प्रदेश 'हैदराबाद अमानत मुलूख' म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०३ मध्ये तो कायम भाडेपट्ट्याने घेऊन मध्यप्रांताला जोडण्यात आला. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. महसुलाच्या दृष्टीने कापसाचा हा सधन प्रदेश होता, पण उच्च शिक्षणाच्या संस्था येथे काढण्याची निकड सत्तेला भासली नाही. वैद्यकही त्याला अपवाद नव्हते.

जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन हा अधिकारी असे. तोच शस्त्रक्रिया करी, तोच ताप व अतिसार पाही आणि बहुधा तुरुंगाची देखरेखही त्याच्याकडेच असे. औषधवैद्यक आणि शल्यवैद्यक यांची फारकत जिल्हा पातळीवर अद्याप झालेली नव्हती. शेंदूरजनाघाट ज्या मोर्शी तालुक्यात त्या काळी मोडत असे, त्यासारख्या तालुक्यांत दवाखाना चालविणारा मनुष्य कनिष्ठ श्रेणीचा असे. आजारी माणसाचा पहिला आधार अर्थातच गावचा वैद्य, सुईण आणि घरातील वडीलधारी मंडळी हाच होता. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाने ज्या प्रांतांत सर्वाधिक मृत्यू घडविले त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाडची गणना होते. त्या साथीत रुग्णाला तपासून निदान करणारा शिक्षित डॉक्टर बहुसंख्य खेड्यांनी पाहिलाही नसावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

लाहोरचा एम.डी. आणि नागपूरचा एल.एम.पी.

डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या वऱ्हाडी तरुणाला विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज किंवा कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज गाठावे लागे. काही जण याहून दूर गेले. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री झालेले डॉ. नारायण भास्कर खरे यांनी वैद्यकाचे शिक्षण लाहोरला घेतले आणि १९१३ मध्ये एम.डी. पदवी मिळविली. प्रांताच्या सरकारी वैद्यकीय सेवेत काही वर्षे काढल्यावर त्यांनी ती सोडली व नागपुरात खासगी व्यवसाय सुरू केला. त्यांच्या राजकीय कारकिर्दीवर बरेच लिहिले गेले आहे. वैद्यकाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांच्या जीवनक्रमातील पहिला टप्पा अधिक बोलका वाटतो. पदवी दूरच्या प्रांताची, पहिली संलग्नता सरकारी सेवेची आणि अखेरचा मुक्काम शहरातील खासगी दवाखान्याचा. पुढील शंभर वर्षे प्रांतातील उच्चशिक्षित डॉक्टरांचा मार्ग थोड्याफार फरकाने असाच राहिला.

१९१४ मध्ये नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले. येथून पदवी नव्हे तर परवाना मिळे आणि त्याच्या धारकाला 'एल.एम.पी.' म्हणत. अभ्यासक्रम पदवीपेक्षा लहान, खर्च कमी आणि प्रवेशाची अट सौम्य होती. तालुक्याच्या गावी राहून खेड्यांना सेवा देणारा डॉक्टर प्रामुख्याने या वर्गातून तयार झाला. मराठी प्रदेशात जुन्या पिढीच्या तोंडी 'एल.एम.पी. डॉक्टर' हा शब्दप्रयोग बराच काळ टिकून होता. त्यात किंचित उणेपणाची छटा होती आणि बरीच आपुलकीही.

याच सुमारास नोंदणीचे कायदे आले. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये आणि मध्यप्रांतात १९१६ मध्ये वैद्यकीय नोंदणीचे कायदे झाले. १९१६ मध्येच पदव्यांच्या अधिकृततेविषयी अखिल भारतीय कायदाही झाला. त्यानंतर डॉक्टर कोणाला म्हणायचे हे रुग्णाच्या अनुभवापेक्षा नोंदवहीवरून ठरू लागले. १९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने उच्च वैद्यकीय अर्हतांचा दर्जा देशभर सारखा राखण्याची व्यवस्था केली, परंतु एल.एम.पी. वर्गाला त्या चौकटीबाहेर ठेवले. खेड्यात बसणाऱ्या डॉक्टरला राष्ट्रीय व्यवस्थेत स्थान नाही, हा संदेश प्रथम येथे स्पष्टपणे दिला गेला.

अमरावतीचा एक वेगळा मार्ग

नोंदवहीच्या मुख्य प्रवाहाबाहेर राहूनही संस्था कशी उभी करता येते, याचे उदाहरण अमरावतीतच आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे होमिओपॅथीचे चिकित्सक. त्यांची कर्मभूमी अमरावती झाली. स्वातंत्र्य चळवळ आणि श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेचे वातावरण यांत ते वावरले. १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी तपोवनची स्थापना केली. तपोवनात उपचाराबरोबर निवास, शेती आणि उद्योग यांची सोय होती, कारण कुष्ठरोग्याला गावाने टाकलेले असे आणि औषधाने जखम भरली तरी घर परत मिळत नसे.

पटवर्धन कायचिकित्सक नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यांचे उदाहरण या विवेचनाला आवश्यक वाटते. ज्या काळात पाटीवरील अक्षरांना कायद्याने महत्त्व येत होते, त्या काळात त्यांची ओळख पदवीवरून ठरली नाही. त्यांनी निर्माण केलेल्या संस्थेवरून ती ठरली.

भोर समिती आणि तिच्यानंतरची पोकळी

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतील जवळजवळ ३०,००० एल.एम.पी.सारख्या परवान्याचे धारक होते. म्हणजे देशातील दर पाच डॉक्टरांपैकी तीन परवानाधारक होते. समितीच्या बहुमताने हा वर्ग तयार करणे थांबवून सर्वत्र एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर निर्माण करावा अशी शिफारस केली. काही सदस्यांनी याला असहमती नोंदविली. डॉक्टरांची इतकी टंचाई असताना हा मार्ग बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. असहमती मागे पडली.

शिफारस तत्त्वतः चूक होती असे म्हणता येत नाही. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला अधिक शिकलेला, ही विभागणी स्वतंत्र देशाने कायम ठेवावी असे कोण म्हणेल? परंतु तत्त्व आणि भूगोल यांची गाठ पडली तेव्हा वऱ्हाडला त्याची किंमत मोजावी लागली. १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रॉबर्टसन स्कूलचे युग संपले. त्यानंतर वऱ्हाडच्या स्वतःच्या भूमीवर वैद्यकीय महाविद्यालय येण्यास ३७ वर्षे लागली. १९८४ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय अमरावतीत निघाले. यवतमाळला शासकीय महाविद्यालय १९८९ मध्ये आणि अकोल्याला २००२ मध्ये आले. दरम्यान १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली होती. पण सेवाग्राम वर्धा जिल्ह्यात, म्हणजे जुन्या वऱ्हाडच्या सीमेपलीकडे.

या दीर्घ अवधीत शेंदूरजनाघाटसारख्या गावांत एल.एम.पी. डॉक्टरांची पिढी वृद्ध होत गेली आणि तिची जागा घेण्यास पदवीधर डॉक्टर पुरेशा संख्येने आले नाहीत. ती पोकळी प्रामुख्याने आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरली. १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद कायद्यानंतर बी.ए.एम.एस. हा अभ्यासक्रम देशभर एकरूप झाला. महाराष्ट्र शासनाने १९९२ च्या अधिसूचनेने ठराविक आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली आणि होमिओपॅथीच्या चिकित्सकांसाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. या तरतुदींवरील वाद अद्याप शमलेला नाही. डॉक्टरांच्या संघटना तो पदवीच्या शुद्धतेचा प्रश्न म्हणून मांडतात. त्याला ऐतिहासिक बाजूही आहे. जो मध्यम दर्जाचा डॉक्टर १९४६ मध्ये पुढच्या दाराने बाहेर गेला, तोच निराळ्या नावाने मागच्या दाराने परत आला. त्याच्याविना वरुड तालुक्यातील रात्री-अपरात्रीचे आजारपण कोणी पाहिले असते, याचे उत्तर शुद्धतावाद्यांकडून मिळत नाही.

तज्ज्ञ भिषक आणि त्याची नवी नाती

याउलट अंतर्गत वैद्यक ही स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून संघटित होत होती. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया ही संघटना १९४४ मध्ये स्थापन झाली. १९५६ च्या नव्या कायद्याने मेडिकल कौन्सिलला पदव्युत्तर शिक्षणावरही अधिकार मिळाला. एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचा एम.डी. झाल्याशिवाय फिजिशियन म्हणवून घेता येऊ नये, असा दंडक हळूहळू प्रस्थापित झाला. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने पाटीवर आणि औषधचिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहिणे बंधनकारक केले आणि नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावाव्यात असे सांगितले. पाटीची भाषा अशा रीतीने कायद्याचा विषय झाली.

परंतु या विशेषज्ञतेला रक्त-लघवीची प्रयोगशाळा, हृदयालेख, अतिदक्षता कक्ष आणि कृत्रिम श्वसनयंत्र लागते. एकटा भिषक स्टेथोस्कोप घेऊन बसला तरी त्याच्या ज्ञानाचा मोठा भाग निरुपयोगी राहतो. म्हणून तो जिल्ह्याच्या गावी थांबतो. अमरावतीत त्याची नाती बहुपेडी असतात. सकाळी महाविद्यालयात अध्यापन, दुपारी स्वतःचा दवाखाना, सायंकाळी दुसऱ्याच्या रुग्णालयात भेट. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी तो तालुक्याच्या गावी येतो, एखाद्या औषध दुकानाच्या मागील खोलीत अथवा सहकाऱ्याच्या दवाखान्यात बसतो आणि सायंकाळी परततो. मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णाला या भेटीचा उपयोग निश्चित होतो. ज्याचा हृदयविकाराचा झटका डॉक्टरच्या वारी येत नाही, त्याला होत नाही.

२००७ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी सामुदायिक आरोग्य केंद्रात भिषक असावा असे लिहून ठेवले. २ जुलै २०१२ रोजी राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू केली, त्यांत अमरावती होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेने पाटीवर एक नवी संलग्नता आणली : 'अंगीकृत रुग्णालय'. शासन खर्च देते आणि उपचार खासगी रुग्णालयातही होतात. गरीब रुग्णाला यामुळे मोठ्या शस्त्रक्रिया आवाक्यात आल्या, हे निर्विवाद आहे. मात्र अंगीकृत होण्यासाठी लागणारी यंत्रसामग्री शहरातच असते, म्हणून रुग्णाचा प्रवासही शहराकडेच वळला. योजनेने पैशाचा अडसर कमी केला, अंतराचा केला नाही.

अंतराचा प्रश्न काही आजारांत विशेष तीव्र असतो. सर्पदंश, विंचूदंश आणि कीटकनाशकांची विषबाधा हे शेतकऱ्याचे आणि बागेत राबणाऱ्या मजुराचे आजार. तिन्ही कायचिकित्सकाच्या क्षेत्रातील आणि तिन्हींत पहिले काही तास निर्णायक. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वेळी अत्यवस्थ रुग्णांचा भार यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयाने वाहिला. १९८९ मध्ये घेतलेल्या संस्थात्मक निर्णयाची किंमत अशा प्रसंगी लक्षात येते.

संलग्नता बदलणारे

एम.डी. म्हणजे शहर, हे समीकरण अटळ आहे काय? महाराष्ट्राच्या अनुभवात त्याला लक्षणीय अपवाद सापडतात. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. त्यांनी एम.बी.बी.एस. नागपूरला केले आणि १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने रुग्ण, विशेषतः मुले, फुप्फुसात पाणी साचून दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम नोंदविला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये आली. पुण्याच्या बी.जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. केल्यावर ते पुन्हा महाडलाच परतले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशात प्रभावी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी गंभीर रुग्णांत सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एक टक्क्याच्या जवळ आले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकांच्या नावांशी महाड या तालुक्याच्या गावातील त्यांच्या स्वतःच्याच रुग्णालयाचे नाव होते. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

येथे पदवीचा उपयोग उलट दिशेने झाला. एम.डी. करून त्यांनी आजार बदलला नाही, गावही बदलले नाही. जो प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रात भेटला होता, त्याच्याकडेच अधिक तयारीने ते परतले.

विदर्भातही अशी उदाहरणे आहेत. डॉ. अभय बंग हे अंतर्गत वैद्यकाचे एम.डी., पण गडचिरोलीत १९८६ पासून केलेल्या त्यांच्या कामातून जगाने घेतले ते नवजात बालकांच्या घरपोच काळजीचे प्रारूप. गावाची गरज बालकांची निघाली, तेव्हा विशेषज्ञतेची सीमा आड आली नाही. खुद्द अमरावती जिल्ह्यात डॉ. आशिष सातव यांचे काम याहून जवळचे. अंतर्गत वैद्यकात एम.डी. केल्यानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते मेळघाटात गेले आणि महान ट्रस्टच्या वतीने धारणी तालुक्यातील उतावली येथे आरंभी झोपडीवजा जागेत दवाखाना सुरू केला. पुढे तेथे महात्मा गांधी आदिवासी रुग्णालय उभे राहिले. नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव यांनी तेथेच आपल्या शाखेचे काम उभारले. मेळघाट म्हटले की कुपोषण आणि बालमृत्यू हेच शब्द आठवतात. सातवांनी त्यांवर काम केलेच, शिवाय सोळा ते साठ या कमावत्या वयातील आदिवासींच्या मृत्यूकडेही लक्ष वेधले. घरातील कर्ता माणूस क्षयाने किंवा हृदयविकाराने गेला की त्या घरातील मूलही धोक्यात येते. हा दुवा दिसण्यास कायचिकित्सकाचीच दृष्टी उपयोगी पडली असावी.

या तिघांनाही पदवी प्रचलित व्यवस्थेनेच दिली. वेगळी होती ती त्यांची संलग्नता. तालुक्याच्या गावातील रुग्णालय, आदिवासी गावातील संस्था, ट्रस्ट. सेवाग्रामच्या संस्थेने आपल्या पदवीधरांना तेथील पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट घातली, तिच्यामागेही हाच विचार आहे. व्यक्तीच्या त्यागावर विसंबण्याऐवजी नियमानेच संलग्नतेची दिशा वळविण्याचा तो प्रयत्न होता.

मात्र एक भेद दृष्टीआड करता येत नाही. मेळघाट आणि गडचिरोली यांच्याकडे देशाचे लक्ष जाते, निधी जातो, ध्येयवादी तरुणही जातात. शेंदूरजनाघाट आदिवासी प्रदेशात नाही आणि संत्र्यामुळे ते गरीबही समजले जात नाही. अशी मधली गावे ध्येयवादाला आकर्षक वाटत नाहीत आणि बाजाराला पुरेशी मोठी नसतात. सुखवस्तू बागायतदार गाडी काढून रात्रीतून नागपूर गाठतो. त्याच्या बागेतील मजूर सकाळच्या बसची वाट पाहतो.

२०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा आणि वाशीम येथे नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता मिळाली. अमरावतीला १९८४ पासून खासगी संस्थेचे महाविद्यालय होते, शासकीय महाविद्यालय तिला चाळीस वर्षांनंतर मिळाले. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या पहिल्या तुकडीचे साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता २०३० च्या सुमारास पूर्ण होईल. त्यांतील जे अंतर्गत वैद्यक निवडतील त्यांना एम.डी.साठी आणखी तीन वर्षे लागतील. त्यांच्या पाटीवर पदवी प्रथमच अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयाची असेल. पदवीखालच्या ओळीत कोणत्या गावाचे नाव येईल, हे २०३३ नंतर वाचता येईल.